हमीपत्र घेतलं, लग्न थांबलं आणि सहा महिन्यांनी लागलं

ही केस नाशिकची. म्हणजे पोरगी नाशिकची, लग्न ठरलं मनमाडच्या पुढच्या त्यांच्या मूळ गावी आणि प्रत्यक्षात लागलं जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडे. नाव-गाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी सिडकोत एका छोट्या संस्थेच्या मदत केंद्रावर बसते, अर्ज लिहून द्यायचे, कागद नीट लावून द्यायचे, वकिलाकडे पाठवायचं, एवढंच आपलं काम. आमच्याकडे बालविवाहाचा फोन येतो तो बहुतेक वेळा हळदीच्या दिवशी येतो, "ताई, उद्या लग्नय, काहीतरी करा". ही पोरगी मात्र सगळं होऊन गेल्यावर आली, सप्टेंबर २०२४ मध्ये, मोठ्या बहिणीसोबत, हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात शाळेचा दाखला, आधार, पोलिसांच्या कागदांच्या झेरॉक्सा आणि सगळ्यात खाली एक हमीपत्र. तेव्हा तिचं वय १९ वर्षं ७ महिने.

आधी घडलं काय ते सांगते.

वडील अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काम गेलं, मग अर्ध्या पगारावर परत लागलं, मग परत गेलं. घरात दोन मुली, मोठी २० ची, धाकटी तेव्हा दहावीत. २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर जवळपास सगळे पास, त्यामुळे पोरगी मार्चनंतर घरीच. वर्षभर घरात एकच मोबाईल, त्यावरच शाळा, आणि त्यावरच गल्लीतल्या एका पोराचे मेसेज सापडले. मेसेजात फार काही नव्हतं म्हणे, पण आईने रडून घर डोक्यावर घेतलं. त्याच सुमारास मोठीचं जमलं. एप्रिल २०२१ च्या शेवटी सरकारचा नियम आला की लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. आता हा नियम शहरात अडचण वाटला असेल, गावाकडे कित्येक बापांना ती लॉटरीच लागली, कारण जेवणावळ नाही, मानपान नाही, बँड नाही, भावकी रुसली तरी "सरकारचाच नियम हाय" म्हणायची सोय. मग कुणीतरी नातेवाइकाने सुचवलं की एकाच मांडवात दोन्ही उरकून टाका. धाकटीसाठी स्थळ तयारच होतं, मुलगा २४ चा, पिकअप चालवायचा.

पत्रिका मी पाहिलीये. तिच्यावर फक्त मोठीचं आणि जावयाचं नाव. धाकटीचं नाव कुठेच नाही, अगदी "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असं लहान मुलांच्या नावाने जे खाली छापतात तिथेपण नाही. म्हणजे चूक आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "अडाणी लोक, कायदा माहीत नसतो" असं आपण फार सहज बोलतो म्हणून हे मुद्दाम लिहिलं. कायदा माहीत होता, म्हणून तर नाव छापलं नाही.

मे महिन्यात लग्नाच्या दिवशी कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला. कुणी ते आजवर कळलेलं नाही. पोलीस, ग्रामसेवक भाऊसाहेब, अंगणवाडीच्या ताई, पोलीस पाटील असे सगळे मांडवात आले. पोलिसांनी आधी माणसं मोजली, २५ च्या वर आहेत का ते बघायला, वय नंतर विचारलं. शाळेकडून व्हॉट्सॲपवर जन्मतारखेचा उतारा मागवला, १६ वर्षं ३ महिने. मोठीचं लग्न लागलं, धाकटीच्या मुंडावळ्या काढल्या आणि बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं: मुलीला १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत तिचा विवाह करणार नाही, केल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी जबाबदार राहीन. खाली बापाची सही, नवऱ्याच्या बापाचा अंगठा, साक्षीदार चार. अर्ध्या तासात विषय संपला. मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेऊन आईवडिलांच्या ताब्यात परत दिलं आणि त्या महिन्याच्या अहवालात "रोखलेले बालविवाह" या रकान्यात एक आकडा वाढला.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं आणि लगेच चार दिवसांत शेजारच्या जिल्ह्यात, नवऱ्याच्या मामाच्या गावच्या देवळात, पहाटे, आठ-दहा माणसांत हिचं लग्न लागलं. तोच मुलगा, तोच अंगठेवाला बाप. तिकडच्या भाऊसाहेबांना इकडच्या हमीपत्राची खबर असायचं काही कारणच नाही, कारण तो कागद ज्या फाइलीत लागला त्या फाइलीतून बाहेर कुठेच गेला नव्हता.

आता माझं म्हणणं इथेच आहे. हमीपत्राला २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात काही जागा नाही, तो आपल्याकडे पडलेला पायंडा आहे. कायद्यात जी गोष्ट आहे ती कलम १३ ची, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा मनाई हुकूम. तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मागू शकतो (गावात ते काम ग्रामसेवकाकडे), ज्याला माहिती आहे अशी कुणीही व्यक्ती मागू शकते, संस्था मागू शकते, आणि कोर्टाला वाटलं तर ते स्वतःहून देऊ शकतं. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम देता येतो. हुकूम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी ताकद पुढच्या कलमात, कलम १४ मध्ये आहे: मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न मुळातूनच शून्य, झालंच नाही असं धरायचं. आणि हुकूम नसेल तर? तर कलम ३, म्हणजे लग्न वैध, पण त्या मुलीने स्वतः कोर्टात जाऊन मागितलं तर रद्द होऊ शकणारं, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीच्या बाबतीत २० वर्षं पूर्ण व्हायच्या आत.

तेव्हा मे २०२१ मध्ये मांडवात उभ्या असलेल्या सरकारी माणसांपैकी एकानेही दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात एक अर्ज टाकून मनाई हुकूम घेतला असता, तर नोव्हेंबरमधलं लग्न कायद्याने शून्य ठरलं असतं. ते झालं नाही आणि मग सगळं ओझं या पोरीच्या डोक्यावर, वकील तिने शोधायचा, मुदत तिने सांभाळायची. मी भाऊसाहेबांना शिव्या घालत नाहीये. एकेकाकडे दोन-दोन गावं, पाणीपट्टी, घरकुलं, कोविडचं सर्वेक्षण, त्यात कोर्टाची पायरी चढायची म्हणलं की कुणालाही नको वाटतं, आणि हमीपत्र घेतलं की गावात वाईटपणा येत नाही, "समजुतीने मिटलं" म्हणून सगळे खूश. पण समजूत कुणाची काढली हे एकदा विचारावं.

पुढचं लिहायला जड जातं म्हणून थोडक्यात लिहिते. मार्च २०२२ मध्ये चक्कर येते, पाळी चुकलीये म्हणून सासूने तिला दवाखान्यात नेलं. गरोदर नव्हती, अंगात रक्त कमी होतं. पण डॉक्टरांनी आधारवरची तारीख बघितली, १७ वर्षं १ महिना, आणि पोलिसांना कळवलं. कळवणं त्यांना भागच होतं, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात ते बंधनकारक आहे, आणि ११ ऑक्टोबर २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बायको १८ च्या आतली असेल तर नवऱ्याचा संबंधही बलात्कारच धरला जातो. गुन्हा लागला नवऱ्यावर, सासू-सासऱ्यांवर आणि हिच्या आईवडिलांवरही. नवरा आत गेला, नंतर जामिनावर सुटला. पोरगी आधी बालगृहात, मग समितीने मोठ्या बहिणीच्या ताब्यात दिली. सासरचे म्हणाले, "तुझ्या पायगुणाने पोरगा जेलात गेला", माहेरचे म्हणाले, "बापाला या वयात कोर्टात उभं केलंस". तिने तक्रारच केली नव्हती हो कुणाविरुद्ध! ती दवाखान्यात चक्कर येते म्हणून गेली होती.

म्हणजे कायद्याच्या पेटीत जे हलकं, स्वस्त, कुणाला जेलमध्ये न टाकणारं हत्यार होतं ते पेटीतच राहिलं आणि जे सगळ्यात जड होतं ते आपोआप चाललं. पोक्सो नको असं मी म्हणत नाही, फक्त क्रम बघा.

हीच भांडणं जगभर चालू आहेत, आणि त्यातलं थोडं सांगितल्याशिवाय ही केस नीट कळणार नाही. इंग्लंडमध्ये जबरदस्तीच्या लग्नांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात कोर्ट संरक्षण आदेश देतं, मुलीला परदेशी न्यायचं नाही, पासपोर्ट जमा करा, अमुक माणसाने तिच्याशी संपर्क करायचा नाही वगैरे. तो दिवाणी आदेश आहे, मुलीला आईबापांविरुद्ध गुन्हा दाखल करावा लागत नाही, अर्ज स्थानिक प्रशासनही करू शकतं. २०१४ मध्ये त्यांनी जबरदस्तीचं लग्न हा स्वतंत्र गुन्हा केला आणि आदेश मोडणं हाही गुन्हा केला, तेव्हा तिथेही वाद झाला की आई जेलमध्ये जाणार म्हणलं तर पोरी तोंडच उघडणार नाहीत. २००७ चा दिवाणी रस्ता त्यांनी तरीही बंद केला नाही. आपलं कलम १३ जवळपास त्याच जातीचं आहे, फक्त वापरायची सवय नाही. आणि दुसऱ्या टोकाला आसाम, फेब्रुवारी २०२३ पासून हजारोंनी अटका, जुनी लग्नंसुद्धा उकरून काढली, बायका पोलीस ठाण्यांसमोर पोरं कडेवर घेऊन बसल्या की आता आमचं घर कोण चालवणार.

संयुक्त राष्ट्रांच्या कागदांवर मात्र सगळं छान आहे. १९६२ चा विवाहाची संमती, किमान वय आणि नोंदणी यावरचा करार आहे, भारत त्यात नाही. महिलांवरील भेदभाव संपवण्याचा १९७९ चा करार, सीडॉ, त्याच्या कलम १६(२) मध्ये सरळ लिहिलंय की बालकाच्या वाङ्‌निश्चयाला आणि विवाहाला कोणताही कायदेशीर परिणाम असणार नाही, किमान वय ठरवा आणि नोंदणी सक्तीची करा. भारताने हा करार १९९३ मध्ये मान्य केला, पण सोबत निवेदन जोडलं की सक्तीच्या नोंदणीचं तत्त्व आम्हाला मान्य आहे, मात्र एवढ्या मोठ्या देशात, इतक्या चालीरीती, धर्म आणि साक्षरतेची पातळी बघता ते व्यवहार्य नाही. आणखी एक निवेदन असं की कुठल्या समाजाच्या वैयक्तिक बाबतीत त्या समाजाने पुढाकार घेतल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. तेव्हा "कायदेशीर परिणाम नाही" हे आंतरराष्ट्रीय वाक्य आपल्या घरात येईपर्यंत "मागितलं तर रद्द" एवढं झालं. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने बालविवाह सरसकट शून्य केला. म्हणजे हीच मुलगी निपाणीची असती तर तिला मुदतीची चिंताच नव्हती!

पण सगळीकडे कर्नाटकासारखं करा असं मी डोळे झाकून म्हणणार नाही. आमच्या केंद्रावर पस्तिशी-चाळिशीच्या बायका येतात, लग्न पंधराव्या वर्षी झालेलं, नवरा आता सोडून दुसरी करतोय. त्याला जर कोर्टात "आमचं लग्नच शून्य होतं" म्हणायची सोय मिळाली तर त्या बाईचं काय? मनाई हुकूमाचा रस्ता मला म्हणून आवडतो, तो लग्नाच्या आधी बोलतो, वीस वर्षांनी नाही.

तर आता सप्टेंबर २०२४ मधली ती. तिला काय हवं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, मला घटस्फोट नको. घटस्फोटित लिहायचं नाही मला फॉर्मवर." एका वकिलाने तिला परस्परसंमतीने घटस्फोट घे, सोपं पडेल असं सांगितलं होतं. हिंदू विवाह कायद्यात लहानपणी झालेलं लग्न नाकारायची एक तरतूद आहे, पण ती १५ वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीसाठी, आणि तेही १८ च्या आत नाकारलं असेल तर, म्हणजे हिला उपयोग नाही. राहिलं कलम ३. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला २० पूर्ण होणार होते, हातात पाच महिने. तिला हे कलम आहे हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, पोलिसांनी नाही, बालगृहात नाही, कुठेच नाही.

मी तिला विचारलं, तू तेव्हा हो म्हणाली होतीस का? (हे विचारावं लागतं, समोरचा वकील विचारणारच.) ती म्हणाली, "हो म्हणले ना. ताईचं लग्न मोडलं असतं नाहीतर. नोव्हेंबरात पण हो म्हणले, पप्पा बोलत नव्हते सहा महिने." बहीण शेजारी बसलेली, ती तिथेच रडायला लागली आणि हिने तिला दटावलं, "तू काय रडती आता." मारहाण नाही, डांबून ठेवलं नाही, धमकी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला आणि बालहक्क अशा दोन समित्यांनी २०१४ मध्ये मिळून एक शिफारस काढली, तिच्यात म्हणलंय की बालविवाह हा जबरदस्तीच्या विवाहाचाच प्रकार मानावा कारण तिथे पूर्ण, मुक्त आणि समजून दिलेली संमती नसते. पूर्वी मला हे जरा ताणलेलं वाटायचं, सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना काहीच कळत नाही असं थोडीच आहे. पण बाप सहा महिने बोलत नाही या जबरदस्तीचा पंचनामा कसा करायचा सांगा.

अर्ज नोव्हेंबरात इथल्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. अर्जदार जिथे राहते तिथे दाखल करता येतो, त्यामुळे त्या जिल्ह्यात खेपा घालायची गरज पडली नाही, हे लक्षात ठेवा, कित्येक वकीलही आधी "लग्न कुठे लागलं" तिकडे पाठवतात. मधल्या काळात १८ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा बालविवाहांवरचा मोठा निकाल आला, त्यात नुसत्या खटल्यांवर भर न देता प्रतिबंधावर भर द्या, अधिकारी नेमा, त्यांना दुसरी कामं लावू नका अशा अर्थाच्या सूचना आहेत, आणि लहानपणी होणाऱ्या वाङ्‌निश्चयाचाही संसदेने विचार करावा असं म्हणलंय. नोव्हेंबरच्या शेवटी केंद्राची बालविवाहमुक्त भारत मोहीम सुरू झाली. आमच्या भागातल्या शाळांमध्ये शपथा झाल्या, फोटो आले. शपथेला माझी ना नाही, पण कलम १३ च्या अर्जाचा एक पानी नमुना प्रत्येक ग्रामपंचायतीत लावला असता तर शपथेपेक्षा जास्त कामाला आला असता असं आपलं माझं मत.

समोरून फार विरोध झाला नाही. त्यांना वाटत होतं लग्न रद्द झालं की पोक्सोची केसही जाईल. तसं होत नाही, दोन्ही वेगळं, हे त्यांना त्यांच्याच वकिलाने सांगितल्यावर मग भांडण सुरू झालं ते वस्तूंवरून, कारण कलम ३ मध्येच आहे की रद्द करताना एकमेकांचे पैसे, दागिने, भेटी परत करायचे. मंगळसूत्राचे मणी, पायातल्या पट्ट्या, हिच्या आईने दिलेली पोत आणि पाच भांडी. त्या पाच भांड्यांवर एक अख्खी तारीख गेली. नवऱ्याकडून पोटगीही मागता येते, कलम ४, ती हिने मागितली नाही, आम्ही सांगूनही.

आदेश झाल्यावर तिने मला विचारलं, "आता लग्न झालंच नव्हतं ना?" कोर्टापुरतं म्हणलं तर हो. पण बघा गंमत, शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये ५.३ नंबरचं उद्दिष्ट आहे, २०३० पर्यंत बालविवाह आणि जबरदस्तीचे विवाह संपवायचे, आणि ते मोजायची पद्धत म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये किती जणींचं लग्न किंवा संसार १८ च्या आत सुरू झाला. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला तो आकडा देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के आला. युनिसेफच्या हिशोबाने जगात आज हयात असलेल्या ६४ कोटी बायका-मुली अशा आहेत, त्यातला तिसरा हिस्सा भारतात, आणि या वेगाने संपायला ३०० वर्षं लागतील. पुढच्या पाहणीत कुणी तिच्या दारात आलं आणि तिने खरं सांगितलं तर तीही त्यात मोजली जाणार. आणि तिकडे जिल्ह्याच्या २०२१ च्या अहवालात ती "रोखलेल्या" मध्ये आहेच. एकच पोरगी दोन रजिस्टरांत, एकात यश आणि एकात अपयश, आणि ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवून बघायचं काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये नाही. रोखलेल्या लग्नांचा आकडा जाहीर करताना त्यातल्या किती मुली १८ व्या वाढदिवसापर्यंत बिनलग्नाच्या राहिल्या हे सोबत दिलं पाहिजे, त्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. त्यासाठी तर फार काही लागत नाही, अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला घरोघरी जातातच.

आम्ही आता फोन आला की आधी शाळेचा उतारा मागवतो आणि हमीपत्र होवो न होवो, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात अर्ज टाकतो. अडतं ते मे महिन्यात. लग्नसराई, आखाजी (अक्षय तृतीया) आणि शाळेची सुट्टी सगळं एकदम, मुख्याध्यापक गावी गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच नववी-दहावीच्या मुलींच्या जन्मतारखांची यादी ठेवा असं आम्ही शाळांना सांगत फिरतोय, दोन-तीन शाळा ऐकतात.

ती बारावीला १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म भरून बसलीये, दिवसा एका मेडिकलमध्ये काम करते. बापाशी बोलते आता, सणाला जाते. पोक्सोची केस मात्र त्या जिल्ह्यात उभी आहेच, तिची साक्ष अजून व्हायचीये, आणि त्या साक्षीत आरोपी नंबर चार तिचा बाप आहे. सरकारी वकिलांनी तिला बोलावलं की काय सांगायचं हे ती मला विचारते, मी म्हणते जे झालं तेच. त्यावर तिचं म्हणणं, जे झालं त्यात पप्पा सहा महिने बोलत नव्हते हेपण सांगू का.